तुळजारामाची बोटं

तंजावरहून तिरुवैयारूकडे निघालं की करंदैच्या पुढे उजव्या हाताला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिच्या एका टोकाला सेतुरामचं लेथ यंत्र आणि दुसऱ्या टोकाला तुळजाराम. दोघंही मराठी, दोघांचेही पणजे-खापरपणजे तंजावरच्या मराठी राजांच्या चाकरीत होते म्हणे. पण त्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर गेल्या होत्या. आता सेतुराम लोखंड-पितळ कातून द्यायचा आणि तुळजाराम ते इंजिनात बसवायचा. भाताच्या गिरणीची इंजिनं, बसगाड्या, जमीनदारांच्या जुन्या मोटारी, जे येईल ते.

तुळजारामचं नाव होतं ते त्याच्या बोटांमुळे. दोन लोखंडी भाग एकमेकांत बसवून तो नुसते हलवून पाहायचा आणि सांगायचा, अजून केसभर घट्ट आहे. मग मोजून पाहिलं तर तसंच निघायचं. याचा त्याला गर्व होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. पापनाशमपासून लोक येत, ते या बोटांसाठी येत, हे तो कमलाक्षीला, म्हणजे आपल्या बायकोला, जेवताना ऐकवायचा.

वैद्यनाथ आला तो सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर. पापनाशमकडच्या एका मोठ्या मिरासदाराचा तो धाकटा मुलगा. त्याच्याकडे दोनच माणसं बसतील अशी हिरवी विलायती गाडी होती आणि तिला शर्यतीत पळवायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मद्रासजवळ शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत. गाडी जोरात पळावी म्हणून त्यानं इंजिनात नवा कॅमशाफ्ट आणि झडपांच्या, म्हणजे वाल्व्हच्या, कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. गाडी पळत होती खरी, पण इंजिनाच्या डोक्यावर खडखडाट सुरू झाला होता.

तुळजारामनं वरचं झाकण काढलं आणि त्याला दुखणं लगेच कळलं. त्या इंजिनाच्या माथ्यावर एक आडवा दांडा असतो. त्या दांड्यावर रॉकर नावाचे छोटे लोखंडी हात ओळीनं बसवलेले असतात, मुलांच्या खेळातल्या फळीसारखे. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येऊन वाल्व्ह दाबतं. दांडा आणि हात यांच्यामध्ये घासायला म्हणून एक पातळ नळी असते, ती बुश. कारखान्यातून आलेले बुश पातळ पत्रा वळवून केलेले होते. साध्या गाडीला ते जन्मभर पुरले असते, पण कडक स्प्रिंगांचा भार त्यांना सोसला नव्हता. सगळे झिजून लंबगोल झाले होते.

विलायतेहून सुटे भाग येणं त्या सुमारास जवळजवळ बंदच झालं होतं. तुळजाराम म्हणाला, तसले बुश आणूही नका, आपण भरीव ब्राँझचे जाड बुश करू, मूळच्यापेक्षा चांगले. नागपट्टणमच्या बंदरात मोडीत निघालेल्या पंपाचा फॉस्फर ब्राँझचा दांडा त्याच्याकडे पडून होता. सेतुराम तो कातील, मी बसवीन.

वैद्यनाथ हसून म्हणाला, "रायर, तुमच्या बोटांच्या भरवशावर शर्यतीत उतरतो."

तमिळ लोक मराठी माणसाला तिथं रायरच म्हणतात. तुळजारामनं मान हलवली. वर्षभरापूर्वी हे शब्द ऐकून त्याची छाती फुगली असती. आता तो नुसताच झाकण पुसत राहिला.

कारण बोटं गेली होती. एका दिवसात गेली नव्हती. आधी उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मग करंगळीच्या शेजारचं बोट. मग एकदा वाल्व्हची फट मोजण्याची पातळ पट्टी त्यानं जागेवर सरकवली आणि ती किंचित अडते आहे की मोकळी फिरते आहे, हे त्याला समजेना. त्यानं पट्टी पुन्हा पुन्हा सरकवली. जणू हातमोजा घालून काम करतोय असं वाटलं. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, तिथं घाम येत नव्हता, केसही झडले होते. तो चट्टा त्यानं आरशात पाहिला आणि त्या दिवसापासून लांब बाह्यांचा सदरा घालायला लागला.

तो काय आहे हे त्याला माहीत होतं. त्या जिल्ह्यात महारोग ओळखायला डॉक्टर लागत नसे. देवळांच्या गोपुराखाली, रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांवर तो रोज दिसायचा. पण ओळखणं वेगळं आणि आपल्या तोंडानं नाव घेणं वेगळं. तुळजारामनं नाव घेतलं नाही. तो डोळ्यांनी काम करायला शिकला. पूर्वी जे चाचपून कळायचं ते दिव्यापाशी नेऊन बघू लागला, हातात घट्टपणा कळत नसे तर भाग उभा धरून तो आपल्या वजनानं किती हळू घसरतो ते पाहू लागला. वेळ जास्त लागायचा. सेतुराम एकदा म्हणाला, तुळजा, म्हातारा झालास का रे, तर त्यानं हसण्यावारी नेलं.

घरी कमलाक्षीपासूनही त्यानं ते लपवलं होतं. घरी तशीही ती दोघंच होती. मुलगी अंबा त्या वर्षी ओरत्तनाडूला मामाकडे, कमलाक्षीच्या दादाकडे, राहायला गेली होती. तिथली शाळा चांगली आहे, मामीलाही सोबत होईल, असं कमलाक्षीनं सांगितलं होतं आणि तुळजारामला ते पटलं होतं. एका परीनं बरंच झालं, असं त्याला वाटायचं. पोरगी जवळ येऊन हात धरायची, ते आता टळलं.

ब्राँझचे बुश सेतुरामनं फार सुंदर कातले. तुळजारामनं जुने बुश ठोकून काढले, नवे शेगड्यात, म्हणजे व्हाइसच्या जबड्यात, धरून दाबून बसवले. पुढचं काम नाजूक होतं. रॉकरच्या अंगातून तेलाचं बारीक भोक येतं, ते बुशातून आरपार जायला हवं, नाहीतर दांड्यावरचं तेल पुढे पोचत नाही. म्हणून बाहेरून ड्रिल घालून बुशाला भोक पाडायचं आणि मग रीमर फिरवून आतली गोलाई दांड्याच्या मापाला आणायची. भोक पाडताना आतल्या बाजूला ब्राँझची बारीक कोर उभी राहते. रीमर ती बहुधा कापून टाकतो. कधीकधी मात्र कापत नाही, भोकात दुमडून ठेवतो. म्हणून शेवटी करंगळी आत घालून एकदा फिरवायची. सुईच्या टोकाएवढी कोर असली तरी बोटाला लागते.

तुळजारामनं करंगळी आत घातली. गोल फिरवली. काही लागलं नाही. पण त्याच्या करंगळीला काहीच लागत नव्हतं, कोर असो की नसो. त्यानं प्रत्येक बुश दिव्याकडे धरून पाहिला. आत नवं ब्राँझ लखलखत होतं, त्या चमकेत भोकाची कड धड दिसत नव्हती. तेलाच्या डब्यानं भोकातून तेल सोडून पाहिलं. तेल आलं.

सेतुराम पलीकडच्या टोकाला लेथ पुसत होता. आवाज बंद होता, बाहेर एक बैलगाडी चालली होती. एवढंच म्हणायचं होतं, सेतू, जरा बोट फिरवून बघ. सेतुरामनं हात पुसले असते, उठून आला असता, पाच मिनिटांचं काम. पण मग त्यानं विचारलं असतं, तुझ्या बोटाला काय झालं? मस्करीतच विचारलं असतं. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं आणि रॉकर एकामागून एक दांड्यावर ओवले. प्रत्येक हात आपल्या वजनानं हळूच खाली आला, जसा यायला हवा तसा. त्यानं स्वतःला सांगितलं की झालं, ठीक आहे.

इंजिन सुरू केलं तेव्हा खडखडाट गेलेला होता. वैद्यनाथ तिरुवैयारूपर्यंत चक्कर मारून आला आणि गाडीतून उतरून त्यानं दोन्ही हात जोडले. तुम्हीही मद्रासला चला, म्हणाला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून तुळजाराम गेला.

शोळावरमला ऊन रणरणत होतं. धावपट्टीच्या कडेला गवताच्या गंज्या रचल्या होत्या, त्यांच्यामागे लोक उभे होते. वैद्यनाथची शर्यत सुरू झाली. हिरवी गाडी सुरुवातीला मागे होती, मग एकेका गाडीला मागे टाकत वर सरकू लागली. तुळजाराम गाडी बघत नव्हता, ती समोरून जाताना डोळे मिटून ऐकत होता. काही फेऱ्या इंजिन एका सुरात गेलं. मग एका फेरीला त्या सुरात मधेच एक गाळलेला ठोका ऐकू आला. पुढच्या वेळी गाडी आली ती लंगडत, रस्ता सोडून कडेला, आणि तिच्यात बसलेल्या वैद्यनाथचा चेहरा उतरलेला होता.

तुळजारामनं झाकण काढलं. एक रॉकर दांड्यावर चिकटून बसला होता. त्याला धक्का देणारी काठी वाकली होती. बाकीच्या सगळ्यांवर तेल होतं, हा एकटा कोरडा होता आणि त्याच्याखालचा दांडा उष्णतेनं निळा पडला होता. कोर त्यानं भोकात पाहिली नव्हती, तरी त्याला ती दिसली. दांडा आत जाताना ती भोकावर दुमडून झाकणासारखी बसली असणार, आणि तेल दाराशी येऊन थांबलं असणार. एवढा एक बुश. सेतुरामचं बोट त्यावरून फिरलं असतं तर गाडी अजून पळत असती.

तो वाकून बघत राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. मग वैद्यनाथनं त्याचा दंड धरून त्याला जोरात मागे ओढलं. तुळजारामला वाटलं, हा आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण वैद्यनाथ त्याच्या उजव्या हाताकडे बघत होता. वाकताना तुळजारामनं आधारासाठी हात टेकवला होता तो धुराच्या तापलेल्या नळीवर. तळव्याची कड आणि दोन बोटं पोळून पांढरी झाली होती, कातडी नळीला चिकटून राहिली होती. जळल्याचा वास येत होता. तो वास आपला आहे हे तुळजारामच्या आत्ता ध्यानात आलं.

वैद्यनाथनं त्याचा दंड सोडला. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, हातात न देता गाडीच्या मडगार्डवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "रायर, डॉक्टरला दाखवा. लवकर दाखवा."

बुशाचं त्यानं नावही काढलं नाही. शर्यत हरल्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तुळजारामनं सांगायचा प्रयत्न केला की चूक माझी आहे, आत कोर राहिली, मला बोटानं कळली नाही. वैद्यनाथनं मान हलवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला की होतं कधीकधी. त्यानं गाडी मद्रासमध्येच एका गॅरेजात ठेवली. तुळजारामला स्टेशनपर्यंत सोडायला त्यानं टॅक्सी करून दिली, स्वतः बरोबर आला नाही. त्यानंतर तो शेडवर कधी आला नाही, आणि पापनाशमच्या बाजूचं दुसरं कुणीही आलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं गावात बोभाटा केला असेल असंही नाही. घरी एकदा सांगितलं असेल, एवढं पुरे होतं.

तुळजाराम घरी पोचला तेव्हा कमलाक्षी दुपारची कॉफी गाळत होती. त्यानं हात धोतराच्या सोग्यात गुंडाळला होता. भाजलं, म्हणाला. तिनं सोगा सोडवून हात पाहिला, खोबरेल आणलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. दुखतंय का, हे तिनं विचारलं नाही. इतक्या मोठ्या भाजण्याला बायको दुखतंय का म्हणून विचारत नाही, याचं त्याला आधी नवल वाटलं आणि मग भीती वाटली.

तिनं कॉफी आणून ठेवली. पितळेचा टंबलर, काठाला एक पोचा असलेला. त्या टंबलरकडे तो बघत राहिला. गेले कितीतरी महिने त्याला याच टंबलरमधून कॉफी मिळत होती. तिचा वेगळा होता, तो फळीवर होता. हा परसात, तुळशीच्या पलीकडे, वेगळा घासून वेगळा उपडा पडायचा. त्याचं ताटही तिथंच असायचं. रोज दिसत होतं आणि त्यानं पाहिलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

कमलाक्षी चुलीकडे तोंड करून बसली होती. "तुम्ही लांब बाह्यांचे सदरे शिवून घेतलेत त्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "पाठीवरही आहे एक. तो तुम्हाला दिसायचा नाही."

"आणि अंबा?"

"शाळेसाठी नाही पाठवली," ती म्हणाली.

मग ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, सगळं रडून झालेल्या माणसाचे असतात तसे. ती म्हणाली की मी कुठं जात नाही, मी इथंच आहे. पण अंबा या घरात येणार नाही, तेवढं तुम्ही मागू नका. त्यानं मागितलं नाही. वर्षभर आपण हिच्यापासून लपवत होतो आणि ही आपल्यापासून लपवत होती, एकाच चुलीपुढे बसून. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर वर्षभर आधी औषध सुरू झालं असतं. हा हिशेब त्या दोघांनाही आपापला समजला आणि कुणीच बोलून दाखवला नाही.

सेतुरामला त्यानं स्वतः सांगितलं. शेडच्या दारात, आत न जाता. सेतुरामनं लेथ बंद केलं. मग म्हणाला, "मज एकदा म्हटलं असतंस तर मी बोट फिरवून पाहिलं असतं. मी कारण विचारलं नसतं, तुळजा."

"विचारलं असतंस," तुळजाराम म्हणाला.

सेतुराम विचारात पडला आणि खरं बोलला. "होय की. विचारलं असतं."

तो भांडला नाही, निघून जा म्हणाला नाही. पण पुढच्या महिन्यात त्यानं लेथ उचलून नव्या बसस्टँडच्या मागे नेलं. गिऱ्हाईक येईना, पोरंबाळं आहेत, म्हणाला. त्याच्या टोकाची जागा रिकामी झाली, जमिनीवर लेथच्या पायांचे चार चौकोन राहिले.

कुष्ठरोगाचा दवाखाना गावाबाहेर होता, आठवड्यातून एक दिवस भरायचा. कमलाक्षी बरोबर आली. झाडाखाली लोक रांगेनं बसले होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी तुळजारामला डोळे मिटायला सांगितले. मी कापसाचा बोळा लावीन, जिथं लागेल तिथं दुसऱ्या हातानं दाखवा.

तुळजारामनं डोळे मिटले. डॉक्टरांच्या सदऱ्याची सळसळ ऐकून त्यानं अंदाजानं तर्जनी दाखवली. पुन्हा सळसळ झाली, मधलं बोट दाखवलं. मग करंगळी. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. परीक्षेत शेजाऱ्याची पाटी बघणाऱ्या पोरासारखं ते होतं, पण थांबवत नव्हतं.

"डोळे उघडा," डॉक्टर म्हणाले. बोळा मेजावर होता. "मी अजून काही लावलंच नाही."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आता गोळ्या निघाल्या आहेत, पूर्वीसारखं नाही. नेमानं घेतल्या तर रोग थांबेल, तुमच्यामुळे कुणाला लागणार नाही, माणसांत राहता येईल. तुळजारामनं बोटांचं विचारलं. ते म्हणाले, जी नस मेली ती मेली. आहे ते सांभाळायचं, भाजू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही.

गोळ्या त्यानं नेमानं घेतल्या. रोग थांबला, हे खरं झालं. डॉक्टरांनी पुढे तसं सांगितलंही, पण ते फक्त त्याला सांगितलं, गावाला कुणी सांगितलं नाही. शेड त्यानं सोडली. करंदैच्या एका लाकडाच्या वखारीत दिवसाची राखण मिळाली, तीही मालक दुसऱ्या गावी राहायचा म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू आत वळली आणि तशीच राहिली. रस्त्यावरून मोटारी जात, तो मान वर करत नसे.

अंबाचं लग्न चौसष्ट साली ओरत्तनाडूला झालं. मामानंच जमवलं. मुलगा सरकारी कचेरीत होता, घर आपल्यातलंच. बोलणी पक्की झाल्यावर मामा एकदा येऊन गेला, तोही तुळजाराम वखारीत असताना. संध्याकाळी कमलाक्षीनं सगळं सांगितलं, अगदी सरळ आवाजात, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं. मुलाकडच्यांना सांगितलं होतं की मुलीचे वडील वारले. कन्यादान मामा-मामी करणार. आई आहे म्हणून सांगितलं आहे, तेव्हा आईला जायला हवं.

तुळजारामला समजायला एक क्षण लागला. आईला जायचं तर विधवा म्हणून जायला हवं.

"जा," तो म्हणाला. "पोरीचं होऊ दे."

निघायच्या सकाळी कमलाक्षीनं स्नान केलं आणि कुंकू लावलं नाही. पायांतली जोडवी काढून डब्यात ठेवली. काचेच्या बांगड्या सहज उतरत होत्या, तरी तिनं एकेक उतरवायला फार वेळ लावला. मग मानेमागे हात नेऊन मंगळसूत्र काढलं. ते डब्यात ठेवायला तिचं मन होईना. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बऱ्याच वर्षांत ती इतकी जवळ आली नव्हती. तिनं त्याची मूठ उघडली, ते आत ठेवलं, वळलेल्या बोटांवरून आपली बोटं दाबून मूठ बंद केली आणि पिशवी घेऊन बस पकडायला गेली.

तो तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसून राहिला. मूठ बंद होती. आत काही आहे असं वाटत नव्हतं. म्हणून तो थोड्या थोड्या वेळानं मूठ उघडून बघायचा, आहे ना.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर ती परत आली. कपाळ पांढरं, चालून दमलेली. तिनं दार लोटलं, आणि त्यानं मंगळसूत्र पुढे केलं. तिनं ते घातलं, आरशापुढे जाऊन कुंकू लावलं, मग चूल पेटवायला बसली. काल काय खाल्लंत, म्हणून विचारलं. त्यानं काही खाल्लं नव्हतं, पण खाल्लं म्हणाला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं की लग्न कसं झालं.

"चांगलं झालं," कमलाक्षी म्हणाली. "मला मागच्या खोलीत बसवलं होतं, खिडकीतून दिसलं. अंबा रडत होती. मज वाटलं, तुमच्यासाठी असेल." तिनं फुंकणीनं जाळ फुंकला. "दादा म्हणाला, सासरी जाताना सगळ्याच रडतात."